गुलाबी पितळ

नळ हातात आला. सकाळची डाळ धुवायला घेऊन पद्मजानं रोजच्यासारखी चावी फिरवली, तर चावीसकट सबंध नळ भिंतीपासून सुटून तिच्या मुठीत आला, आणि तोही इतका अलगद, की आपण तो नुसता उचलून घेतला असं क्षणभर तिला वाटलं. मग पाणी आलं. भिंतीतल्या भोकातून सरळ तिच्या पोटावर, ओट्यावर, डाळीच्या पातेल्यात. तिनं तळहातानं भोक दाबून धरलं. ते लिंबाएवढंसुद्धा नव्हतं, पण त्यामागचा जोर हातातून खांद्यापर्यंत कळत होता. तिचे यजमान अप्पाराव दुखऱ्या गुडघ्यानिशी गच्चीवर गेले आणि टाकीचे कॉक एकेक करून फिरवू लागले. वरून आवाज आला, "बंद झालं का?" "नाही!" "आता?" "नाही हो!" "अगं, मग हा कशाचा आहे?" "मला काय विचारता! पुढचा फिरवा!" चौथ्या कॉकला पाणी दोनदा उचक्या देऊन थांबलं. तिनं हात काढला. ओट्यावरून फरशीवर ठिबकण्याचा आवाज तेवढा उरला, आणि त्या शांततेत तिला एकदम हलकं वाटलं, ओल्या साडीतसुद्धा. एवढंच होतं तर. थांबलं.

सिद्धोधन प्लंबर साडेनऊला आला. त्यांच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांच्या नळांची त्याला नावानिशी माहिती होती. भिंतीत अडकून राहिलेला तुकडा त्यानं पान्यानं काढला, तळहातावर घेतला आणि नखानं खरवडला. नखाबरोबर भुगा निघाला. "बघा मॅडम, पितळ सडलंय पार. खडू झालाय खडू. हात लावला की गेलं." "पितळ सडतं होय रे?" अप्पारावांनी विचारलं. "सडतं की साहेब. आपल्याकडलं पाणीच तसलं हाय. वरून चकाचक दिसायलंय, आतून रामराम." त्यानं तो तुकडा ओट्यावर ठेवला आणि नवा नळ आणायला बाजारात गेला. पद्मजानं चष्मा घातला. मोडलेली कड पिवळी नव्हती. गुलाबी होती. तोंड पुसून काढलेल्या लहान मुलाच्या गालासारखी, मऊ, फिकट गुलाबी. त्या रंगाची ओळख पटायला तिला फार तर दोन सेकंद लागले असतील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाणी वर्षानुवर्षं लागत राहिलं की जस्त निघून जातं आणि तांब्याचा नुसता सांगाडा उरतो, स्पंजासारखा, आकार तोच, ताकद नाही. कृषी विद्यापीठाच्या माती-पाणी प्रयोगशाळेत तिनं बत्तीस वर्षं काढली होती. हे तिला कोणी सांगायला नको होतं. आणि हाच गुलाबी रंग तिनं अलीकडेच आणखी कुठेतरी पाहिला होता, पाहून खूशही झाली होती. कुठे, ते आठवलं तेव्हा ती खुर्चीवर बसली.

तिची मुलगी मैथिली आणि जावई श्रीराम तीन वर्षं एका शिडाच्या बोटीवर राहत होते. बोट छत्तीस फुटांची, एका परदेशी म्हाताऱ्याकडून जुनी घेतलेली. नाव ठेवलं होतं 'दुधना'. अप्पाराव येईल-जाईल त्याला सांगत, "आमच्या सेलूकडच्या नदीचं नाव दिलंय. नदीत आठ महिने पाणी नसतं, पण बोट मात्र तरंगते." बोटीवर एक कुत्रा होता, हुरडा, आणि एक मांजरी, दशमी. दोन्ही नावं मैथिलीनं ठेवलेली; परभणी सोडली तरी जिभेवर राहिलेली. हुरड्याला शी-शू करायला पुढच्या टोकाला खोट्या हिरवळीचा तुकडा अंथरलेला होता. तो त्याला समजायला तीन आठवडे लागले. शेवटी श्रीरामनं स्वतः करून दाखवलं, असं अप्पारावांचं म्हणणं होतं, आणि फोनवर श्रीरामनं ते कधी नाकारलं नव्हतं. दशमीला न्हाणीत वाळूचा खोका. बोटीतली न्हाणी म्हणजे एक उभा माणूस मावेल एवढी कपाटासारखी जागा. बेसिनखाली भोक, भोकावर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या पुढ्यात दशमीचा खोका. ते भोक बोटीच्या बुडातून थेट समुद्रात उघडत होतं. बेसिनचं पाणी त्यातून बाहेर जायचं. व्हॉल्व्ह ठीक असेल तोवर समुद्र आत येत नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी मैथिलीचा फोन आला होता, नेहमीसारखा मागे कसल्यातरी घासण्याच्या आवाजासकट. तिच्या बोलण्यात कामांची जंत्रीच असे. शिडाची शिवण तपासली, दोराच्या कप्प्यांना तेल दिलं, दोरांचं मीठ गोड्या पाण्यानं धुतलं. गुरुवार केसांचा, म्हणजे हुरड्याचे केस बुडाशी साठलेल्या पाण्यातून पंपाच्या जाळीत जाऊन बसत, ते काढायचे. नाहीतर ऐन वेळी पंप चालायचा नाही. तर त्या दिवशी ती म्हणाली होती, "आई, न्हाणीतला व्हॉल्व्ह हिरवागार झालाय गं, शेवाळ आल्यासारखा. कशानं घासू?" आणि पद्मजानं, दोन्ही हात कणकेत असताना, विचार न करता सांगितलं होतं, "चिंच आणि मीठ लाव. दहा मिनिटं ठेव आणि काथ्यानं घास." तिची आई नर्मदाबाई दर सणाला घागरी तशाच घासायची. संध्याकाळी फोटो आला. व्हॉल्व्ह लखलखत होता, गुलाबी झाक मारत. "वा! आजीच्या घागरीसारखा निघालाय," असं पद्मजानं लिहिलं होतं. अप्पारावांनी तो फोटो आपल्या फोनच्या स्टेटसला लावला होता आणि खाली 'लेकीची सागरी दिवाळी' असं लिहिलं होतं. आणि चार दिवसांपूर्वी 'दुधना' चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघाली होती. आठ दिवसांचा रस्ता, पहिला दिवस सोडला तर फोन लागायचा नाही. उपग्रहाच्या फोनला परवानगी लागते, ती त्यांना मिळाली नव्हती.

तिनं फोटो उघडून बोटांनी मोठा केला. मोठा करत गेलं की रंगाचे चौकोन होत, आणि चौकोनांत काही दिसत नाही. चिंचेनंही पितळ गुलाबी दिसतं, हे खरं होतं. आंबटानं वरचं जस्त थोडं विरघळतं, तांबं वर येतं, पातळ, कागदापेक्षाही पातळ. तसं असेल तर काही बिघडलं नाही. पण आतपर्यंत गुलाबी असेल तर हात लावला की खडू. दोन गुलाबी आणि फोटो एक. श्रीराम म्हणाला होता की सगळे व्हॉल्व्ह काशाचे आहेत, म्हणजे जस्त नसलेले. सगळे, असं त्याला त्या परदेशी म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. आणि त्या म्हाताऱ्यानं कधीतरी कुठल्यातरी बंदरातल्या दुकानातून, घाईत, एखादा साधा पितळेचा आणून बसवला नसेल कशावरून? तिला स्वतःचा राग आला तो चिंचेमुळे नव्हे. गुलाबी दिसल्यावर तिला 'स्वच्छ' एवढंच सुचलं, याचा राग आला. पेडगावहून, मानवतहून, कुठून कुठून विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या, आणि ती प्रत्येक बाटलीकडे संशयानं पाहायची. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याकडे तर जास्तच. शेतकरी म्हणत, "बाई, काचेवानी पाणी हाय की," आणि ती म्हणे, "दिसतंय." आणि पोटच्या पोरीच्या बोटीचा फोटो पाहताना ती प्रयोगशाळेतली बाई नव्हतीच. नर्मदाबाईंची मुलगी होती, घागरीसमोर बसलेली.

तिनं निरोप लिहिला. 'न्हाणीतला व्हॉल्व्ह हलवू नकोस. टोकदार वस्तूनं एका जागी खरवड. पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबीच राहिलं तर लगेच सांग.' पाठवला. एक टिक. तिनं फोन पालथा ठेवला, परत सुलटा केला. "खामखा जीव टांगून घेऊ नको," अप्पाराव म्हणाले. "तीन वर्षं टिकलाय तो व्हॉल्व्ह." "हा नळ बावीस वर्षं टिकला होता," ती म्हणाली. अप्पाराव नुसतेच उठून गच्चीवर गेले आणि चारही कॉकना खडूनं नावं लिहून आले. स्वयंपाकघर, न्हाणी, मागचं अंगण, संडास.

दुपारी सिद्धोधन नवा नळ बसवून गेला तेव्हा तिनं त्याला मागच्या अंगणातला धड नळही काढून तिथं बूच मारून द्यायला लावलं. "चांगलाय की मॅडम हा." "म्हणूनच हवाय." त्यानं खांदे उडवले. तिनं कोळलेल्या चिंचेत मीठ घातलं, नळ बुडवला, घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी काढून काथ्यानं घासला. गुलाबी. वर्तमानपत्रावर मोडका तुकडा आणि घासलेला नळ शेजारी ठेवले, आणि सवयीनं कागदाच्या चिठ्ठ्यांवर 'अ' आणि 'ब' लिहून खाली सरकवल्या. वरून दोघं भावंडं दिसत होती. कानशीनं 'ब'वर एक ओढ दिली; खाली पिवळं, ढळढळीत पिवळं. 'अ'वर ओढली; गुलाबी, आणखी ओढली, गुलाबी, आरपार गुलाबी. एवढंच तर करायचं होतं मैथिलीनं. एक ओढ. आणि ते सांगायला मधे सगळा समुद्र होता. मग तिनं जे करायचं नव्हतं तेही केलं. लिंबाएवढं भोक, पाण्याखाली हातभर. पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. मिनिटाला सव्वाशे लिटर. म्हणजे दर आठ मिनिटांना त्यांच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी. पंपाच्या जाळीत हुरड्याचे केस असतील तर पंप धरायचा नाही. तिनं आकडा दोनदा तपासला. तो बरोबर होता, आणि बरोबर असल्याचा नेहमी होणारा थोडासा आनंदही तिला झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले हे तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. भाजी आणली, हरभरा सोलला, बँकेत हयातीचा दाखला राहिला होता तो देऊन आली. पाणी मात्र सगळीकडे होतं. ऑटोच्या टपावरून ओघळणारं, रसवंतीच्या गाळणीखालचं, न्हाणीच्या जाळीत गरगरत जाणारं. ती जाळीपाशी उभी राहून पाहत राही. आणि मधूनच पेडगावची विहीर. मैथिली सात वर्षांची, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधलेला, विहिरीच्या पायरीवर थरथरत उभी. अप्पारावांचे चुलतभाऊ सटवाजी पाण्यात, हात पसरून. पद्मजानं डब्याची गाठ एकदा तपासली, दुसऱ्यांदा तपासली, मग सोडून पुन्हा बांधली. सटवाजी खालून ओरडले, "सोडा की वहिनी पोरीला! लय घट्ट बांधायलाव, श्वास कोंडंल तिचा!" पोरीच्या कमरेवर सुतळीचे लाल वळ उठले होते, ते आठवडाभर राहिले. पण ती बुडाली नाही. चौथ्या दिवशी तिनं डबा स्वतःच काढून टाकला आणि वरून उडी मारली, आणि पद्मजा काठावर आकडे मोजत राहिली. एक, दोन, तीन, चार. सहाला डोकं वर आलं. आता ती काठावर नव्हती एवढाच फरक. आकडे चालू होते.

बोटीवर ती एकदाच गेली होती, बोट दुरुस्तीला काठावर काढलेली असताना. जमिनीवर टेकूंनी उभी केलेली बोट, खाली हुरडा झोपलेला, आणि शिडीवरून चढायला घाबरणारे अप्पाराव. तिथं तिला एका कप्प्यात पिशवी सापडली होती. पिशवीत लाकडी खुंट्या, एका टोकाला निमुळत्या, गाजरासारख्या. व्हॉल्व्ह मोडला तर भोकात ठोकायच्या, श्रीरामनं सांगितलं. "मग सगळ्या एका पिशवीत, आणि पिशवी गाद्यांच्या खाली?" ती म्हणाली होती. "ज्या बाटलीचं बूच त्या बाटलीपाशी पाहिजे." आणि बसून तिनं सहाही खुंट्या सहा व्हॉल्व्हना एकेक करून जाड दोऱ्यानं बांधल्या होत्या. बोटीवर तिच्या हातून झालेलं ते एकच काम. प्रवासाच्या पाचव्या दिवशी तिला ते आठवलं आणि क्षणभर धीर आला, आणि तिनं फोटो पुन्हा उघडला. फोटोत खुंटी नव्हती. व्हॉल्व्ह होता, नळी होती, दशमीच्या खोक्याचा निळा कोपरा होता. दोरा नव्हता. घासायला आड येत असणार; काढून टाकली असणार. घासून लख्ख करायला तिनंच तर सांगितलं होतं.

आठवा दिवस आला आणि गेला. एक टिक. अप्पाराव वाऱ्याचा नकाशा पाहत होते, फोनवर, चष्मा कपाळावर चढवून. "वारा पडलाय तिकडे. उशीर होणारच," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "तू रंगाचं खरंच म्हणतेस ना? का उगाच?" तिनं 'अ' आणि 'ब' त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि 'अ' जरा दाबला. तो त्यांच्या बोटांत मोडला. त्यांनी दोन्ही तुकडे परत चिठ्ठीवर ठेवले, जपून, जसे होते तसे.

नवव्या दिवशी सकाळी दहाला, ती गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, खालून अप्पारावांचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसताच आवाज. ती जिना कशी उतरली तिला कळलं नाही. फोन त्यांच्या हातात होता आणि त्यातून हुरडा भुंकत होता.

"आई? आई, तुझा निरोप आत्ता मिळाला गं. आत्ता, जेट्टी दिसायला लागल्यावर." मैथिलीचा आवाज घसा बसलेला, पण तिचाच. "खरवडायला सांगतेयस होय? खरवडायला राहिलाय कुठे तो!"

"म्हणजे?"

"मोडला ना. तिसऱ्या दिवशीच. दशमी खोक्यात जाईना. दाराशी बसून ओरडायलीय, ओरडायलीय. मला वाटलं लागली तिला बोट. मग खोका उचलला तर खालची वाळू ओली. घासलेला होता म्हणून दिसलं गं, व्हॉल्व्हवर केसाएवढी रेघ, आणि रेघेतून पाणी पाझरतंय. हिरवं असतं तर काय दिसणार होतं! मी हात लावला आणि आला की हातात. अख्खा. बाबांना सांग, गुलाबी होता आतून, पेरूसारखा."

पद्मजा पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशी. इथला नळ मोडला तो चौथा. तिनं निरोप लिहिला, चिंच कोळली, कानस ओढली, गणित मांडलं, सहा दिवस जाळीपाशी उभी राहिली. ते सगळं होऊन गेलेल्या गोष्टीसाठी. सव्वाशे लिटरचा आकडा लिहिला त्याच्या आदल्या दिवशी ते भोक बुजलेलं होतं. तिला वाटलं, रडू येईल. आलं ते हसू, आणि ते आधी पोटात हललं.

"मग? पाणी?"

"आलं ना. फवारा! मी तळहात दाबून धरला आणि श्रीरामला हाक मारली. खुंटी तिथंच होती, तू बांधलेली. दशमी त्या दोऱ्याशी खेळत बसायची, खेळून खेळून नळीच्या मागं ढकलली होती तिनं. ओढून काढली. पण आई," आणि इथं मैथिलीचा आवाज एकदम सात वर्षांच्या तक्रारीचा झाला, "तू गाठ कसली मारली होतीस गं! सुटेचना! मोडका व्हॉल्व्ह नळीला लोंबतोय, दोरा एवढासा, खुंटी भोकापर्यंत पोचेना, माझा एक हात भोकावर, आणि श्रीराम गाठ सोडत बसलाय. शेवटी दातानं तोडली त्यानं. दाढ दुखतेय अजून त्याची. जावयाची दाढ काढलीस तू!"

मागून श्रीराम म्हणाला, "नाही हो आई, काही नाही. गाठ होती म्हणून खुंटी होती. पण यापुढं ओढली की सुटणारी सुरगाठ शिकवतो तुम्हाला."

"किती वेळ गेला गाठीत?" पद्मजानं विचारलं.

"काय माहीत. अर्धं मिनिट."

"आणि पंप चालला?"

"चालला की. गुरुवार होता. केस सकाळीच काढले होते."

अप्पाराव फोनवर वाकून हुरड्याला हाका मारू लागले, जेवलास का विचारू लागले. दशमीला आज मासा द्या म्हणाले, आख्खा, माझ्याकडून. पद्मजा उठून स्वयंपाकघरात गेली. अर्धं मिनिट. साठ, फार तर बासष्ट लिटर. तीन बादल्या आणि वर थोडं. एवढं पाणी तिच्या गाठीचं. तिनं नवा नळ उघडला, बादली खाली ठेवली आणि ती भरेपर्यंत पाहत राहिली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी भरताना तिनं हात धारेत धरला. ओट्यावर 'अ' आणि 'ब' होते तिथंच होते. तिनं चिठ्ठ्या काढल्या, मोडके तुकडे कचऱ्यात टाकले आणि धड नळ, गुलाबी, एका ओढीपुरता पिवळा, मागच्या अंगणात परत बसवायला सिद्धोधनला फोन लावला.

"आं? तोच परत बसवायचा? काढायला कशाला लावला मग, मॅडम?"

"तपासायचा होता," ती म्हणाली. "चांगला आहे." आणि बाहेर अप्पारावांना हाक मारून म्हणाली, "अहो, ते मागचं अंगण बंद करा, खडूनं लिहिलंय तुम्ही. आणि श्रीरामला विचारा, सुरगाठीला दोरा केवढा जाड लागतो."